मेंदूचा निरोप आणि कोळंबीची गाबोळी

चिंबोरी विकत घेताना जाणती बाई तिला आधी उलटी करून पाहते. पोटाखालची झडप अरुंद व टोकदार असेल तर तो नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. मग ती बोटाने कवच दाबते, हातात तोलते आणि मनात तिथीचा हिशेब करते. अवसेच्या सुमारास चिंबोरी भरलेली आणि पुनवेला पोकळ, असे आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या म्हणत आले आहेत. तिथीचे हे गणित दर वेळी बरोबर येतेच असे नाही. पण त्यामागचे निरीक्षण खोटे नाही. खेकडा, कोळंबी, शेवंड या कवचवाल्या प्राण्यांचे शरीर सदा एकसारखे नसते. त्यांचा भरण्याचा काळ असतो आणि रिकामे होण्याचाही काळ असतो. आता गाबोळी धरायची की अजून थांबायचे, हे त्या चिखलातल्या जिवाला कोण सांगते, या प्रश्नाचा माग शास्त्रज्ञांनी सत्तर-ऐंशी वर्षे घेतला. त्याचे उत्तर कोळंबीची शेती करणाऱ्याच्या खिशाशी थेट जाऊन भिडते, म्हणून या पानावर आम्ही ते मांडत आहोत.

प्रथम या प्राण्यांची अडचण समजून घेऊ. गाय, कोंबडी किंवा माणूस यांची हाडे आत असतात. अंग वाढते तशी हाडेही वाढतात. खेकड्याचे हाड म्हणजे त्याचे कवच आणि ते बाहेर असते. ते ताणत नाही. वाढायचे तर जुने कवच टाकून नवे धरावे लागते, म्हणजेच कात टाकावी लागते. कात टाकताना पुष्कळ शक्ती खर्च होते आणि अंगात साठवलेले सारे पणाला लागते. अंडी घडवायलाही तोच साठा लागतो. एकाच वेळी दोन्ही खर्च झेपणारे नाहीत. शिवाय पुष्कळ खेकड्यांत मादी कात टाकून मऊ असतानाच मीलन होते. ज्या जातींत मादी अंडी पोटाखाली चिकटवून वागवते, तिने मध्येच कात टाकली तर अंडीही कातीबरोबर जातील. तेव्हा कात आणि अंडी यांच्या पाळ्या लावून देणारा कोणी कारभारी अंगात असलाच पाहिजे.

हा कारभारी सापडला तो डोळ्याच्या देठात. कोळंबीचे डोळे डोक्यात खोबणीत बसलेले नसतात. ते दोन लहान देठांवर बाहेर आलेले असतात, हे आपण कोळंबी सोलताना रोज पाहतो. १९४३ साली पानूझ या फ्रेंच संशोधकाने कोळंबीच्या एका जातीतील माद्यांचे डोळे देठासकट काढले. तेव्हा हंगाम नसतानाही त्यांचे अंडाशय झपाट्याने वाढू लागले. डोळा गेला म्हणजे दिसणे गेले, हे तर उघडच आहे. पण दिसण्याचा आणि अंड्यांचा संबंध काय? संबंध दिसण्याशी नव्हताच. त्या देठात मज्जापेशींचा एक पुंजका असतो. स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स्ट्रोम यांनी १९३०च्या दशकात त्याला एक्स-अवयव हे नाव दिले होते. या पेशी काही रसायने तयार करतात आणि ती शेजारच्या सायनस ग्रंथी नावाच्या कोठारात साठवतात. तेथून ती रक्तात सुटतात. त्यांतील एक रसायन अंडाशयाला ‘थांब’ म्हणते. डोळा कापला म्हणजे ‘थांब’ म्हणणाराच गेला. त्याला अंडाशय-रोधक संप्रेरक म्हणू. संप्रेरक म्हणजे ज्याला डॉक्टर हार्मोन म्हणतात तेच.

त्याच कोठारात आणखी संप्रेरके असतात, हे लक्षात ठेवावे. एक कात टाकणे रोखून धरते, एक रक्तातील साखर सांभाळते, काही अंगाचा रंग पालटतात. रंग पालटणाऱ्यांपैकी एकाची रासायनिक घडण १९७२ साली उलगडली. कवचवाल्या प्राण्यांच्या संप्रेरकांपैकी ती पहिली. अंडाशय रोखणाऱ्या संप्रेरकाची घडण अमेरिकन शेवंडात कळायला १९९१ साल उजाडले. तेव्हा देठ कापणारा माणूस एक कुलूप तोडायला जातो आणि घराची चारही दारे उघडी पडतात. दोन्ही डोळे काढलेली कोळंबी वेळी-अवेळी कात टाकते आणि बहुधा लवकर मरते.

आता पुढचा प्रश्न. ‘थांब’ म्हणणारा कळला. पण त्याला तरी कोण सांगतो की आता पुरे, मादीला अंडी धरू दे? दिवस लहान-मोठे होतात, पाणी तापते-निवते, खारेपणा बदलतो, खाणे मिळते किंवा मिळत नाही. ही सारी खबर मज्जातंतूंवाटे मेंदूत पोहोचते. मेंदूतील पेशी एकमेकींना आणि ग्रंथींना निरोप देतात ते अति सूक्ष्म प्रमाणातील रसायनांच्या द्वारा. त्या रसायनांपैकी दोघांची नावे वाचकांनी ऐकली असतील: सिरोटोनिन आणि डोपामीन.

सिरोटोनिन प्रथम वेगळे काढण्यात आले ते १९४८ साली, गुठळी झालेल्या रक्ताच्या निवळीतून. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते काम केले. माणसाच्या अंगातील बहुतांश सिरोटोनिन आतड्यात असते. थोडेसे मेंदूत असते, आणि झोप, भूक, मनाची स्थिती यांच्याशी त्याचा संबंध आहे. उदासीनतेच्या आजारावरील पुष्कळ गोळ्या याच रसायनाच्या मार्गाने काम करतात. डोपामीन कमी पडले की हातपाय थरथरणारा पार्किन्सनचा आजार होतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. मौज अशी की तीच दोन रसायने, अगदी तशीच, खेकड्याच्या मेंदूतही असतात. निसर्गाने ती कितीतरी जुन्या काळी घडवली आणि मग साऱ्या प्राण्यांना वाटून टाकली.

खेकड्यात ती काय करतात हे शोधणाऱ्यांत आपल्या मराठी मुलखातील एका विद्यापीठाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठ समुद्रापासून कितीतरी दूर. तरी तेथील प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम् आणि आर. सरोजिनी यांनी वर्षानुवर्षे खेकडे-कोळंबीच्या मज्जासंस्थेचा अभ्यास चालवला. दख्खनच्या ओढ्या-नाल्यांत मिळणारा गोड्या पाण्यातला खेकडा, ज्याचा रस्सा आपण पावसाळ्यात खातो, त्यांच्या प्रयोगशाळेत मोलाचा ठरला. जी. के. कुलकर्णी आणि नागभूषणम् यांनी समुद्रातील कोळंबीच्या एका जातीवर काम करून, देठातील रोधक संप्रेरकाचा जोर अंडाशयाच्या निरनिराळ्या अवस्थांत कसा असतो, हे १९८० साली प्रसिद्ध केले. पुढे ही मंडळी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात मिल्टन फिंगरमन यांच्याबरोबर काम करू लागली. फिंगरमन हे कवचवाल्या प्राण्यांच्या संप्रेरकांचे नामांकित अभ्यासक. लुइझियाना प्रांताच्या दलदलीत तांबडी क्रेफिश विपुल मिळते, म्हणून प्रयोगासाठी तीच घेतली. क्रेफिश म्हणजे नांग्यांची, शेवंडीच्या ठेवणीची, पण गोड्या पाण्यातली आणि हाताएवढीच.

१९९१ साली फिंगरमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की एका नांगीचा मोठा खेकडा, जो खाडीच्या चिखलात नांगी हलवत उभा असतो, त्याच्या मादीला सिरोटोनिन टोचले तर अंडाशय लवकर वाढते. १९९२ साली कुलकर्णी, नागभूषणम् आणि सहकाऱ्यांना क्रेफिशमध्येही तेच आढळले. पण टोचल्यावर अंडाशय वाढले एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सिरोटोनिन सरळ अंडाशयावर काम करते, की मध्ये कोणी दुसरा आहे?

याचे उत्तर देणारा प्रयोग सरोजिनी, नागभूषणम् आणि फिंगरमन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला, आणि तो आम्हाला फार आवडतो, कारण शेतातला माणूसही तो चटकन समजू शकतो. त्यांनी क्रेफिशच्या अंडाशयाचे तुकडे बशीत पोषक द्रवात जिवंत ठेवले. त्यात सिरोटोनिन घातले. काही झाले नाही. मग दुसऱ्या बशीत अंडाशयाच्या तुकड्याशेजारी मेंदूचा किंवा छातीतल्या मज्जागाठीचा तुकडा ठेवला आणि मग सिरोटोनिन घातले. आता अंडाशयातील अंडी वाढू लागली. म्हणजे सिरोटोनिन हा मालक नव्हे, पोस्टमन आहे. तो अंडाशयाच्या दारी जात नाही. मेंदूच्या आणि मज्जागाठीच्या दारी जातो, आणि तेथून ‘चल’ म्हणणारे दुसरे एक संप्रेरक सुटते. छातीच्या मज्जागाठीत असे काही उत्तेजक आहे, हे जपानचे ओत्सू यांनी १९६०च्या सुमारासच खेकड्यात मज्जागाठीचे कलम करून दाखवले होते. आता त्याला हुकूम देणाराही सापडला.

डोपामीनचे काम याच्या नेमके उलट. ते देठातील ‘थांब’ सोडवते आणि ‘चल’ रोखून धरते. डोपामीनचा परिणाम अडवणारे औषध दिले तर अंडाशय वाढते. नरांतही असेच चित्र दिसले: डोपामीनने वृषणांची वाढ मंदावते, सिरोटोनिनने ती वाढते. नराच्या बाबतीत मात्र मध्ये आणखी एक ग्रंथी आहे. ती १९५४ साली फ्रान्सच्या एलेन शार्निओ-कोतों या विदुषीने शोधली. नराला नरपण देणारी ही ग्रंथी मादीत बसवली तर मादीच नरासारखी होऊ लागते. तो विषय इतका रंजक आहे की त्यासाठी स्वतंत्र लेख लागेल. अफूसारखी क्रिया करणारे, अंगातच तयार होणारे एन्केफॅलिन नावाचे रसायनही डोपामीनच्याच बाजूचे, म्हणजे रोखणारे निघाले.

हे झाले प्रयोगशाळेतले. आता तळ्याकडे येऊ.

गोव्याच्या खाजनात भरतीच्या पाण्याबरोबर बारीक सुंगटे आत येतात, मानशीच्या आत वाढतात आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. कोणी त्यांना अंडी घालायला लावत नाही, कारण त्यांच्या आया समुद्रात असतात. या कोळंब्यांची रीतच अशी: लहानपण खाडीत, आणि अंडी धरायची वेळ आली की खोल, खाऱ्या समुद्रात. काळी वाघ कोळंबी तळ्यात कितीही मोठी झाली तरी तिथे ती सहसा गाबोळी धरत नाही. समुद्राचा निरोप तिच्या मेंदूला मिळत नाही, देठातला ‘थांब’ सुटत नाही. त्यामुळे शेतीसाठी बी हवे तर एक तर समुद्रातून पिकलेली मादी धरून आणायची, नाही तर मादीला टाकीत पिकवायचे.

पानूझच्या जुन्या शोधाची आठवण झाली ती येथे. दोन्ही डोळे काढले तर मादी मरते. पण एकच काढला तर? ‘थांब’ निम्मा होतो, मादी जगते आणि पिकते. १९७०च्या दशकात अमेरिका, फिलिपिन्स वगैरे देशांत ही युक्ती रूढ झाली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केरळमधील नारक्कल येथील प्रयोगशाळेत मुथू आणि लक्ष्मीनारायण यांनी त्याच दशकात भारतीय पांढऱ्या कोळंबीवर ती यशस्वी केली. तेव्हापासून आजपर्यंत जगातल्या बहुतेक कोळंबी बीजकेंद्रांत हेच चालते. कवच टणक असलेली मादी निवडतात. नुकती कात टाकलेली घेतली तर ती दगावते. मग एका डोळ्याचा देठ चिमटतात, दोऱ्याने आवळतात किंवा तापलेल्या चिमट्याने डागतात. बहुधा आठवडाभरात तिच्या पाठीतून गाबोळीचा पट्टा दिसू लागतो. वाघ कोळंबीत तो गडद हिरवा असतो. रात्री विजेरीच्या उजेडात कामगार हा पट्टा तपासतात आणि तयार मादी अंडी घालण्याच्या टाकीत सोडतात. एका खेपेला लाखांनी अंडी मिळतात.

उपाय जालीम, पण त्याची किंमतही आहे. डोळा काढलेली मादी पुन्हा पुन्हा अंडी देत राहते, तिला विसावा नसतो. जखमेतून जंतू शिरतात. साखर आणि कात सांभाळणारी संप्रेरकेही निम्मी झालेली असतात. पुढे पुढे अंड्यांचा कस उतरतो. आमचे मत विचाराल तर, ज्या जनावराकडून आपण पीक घेतो त्याला पिळून काढणे हे शेतकऱ्याला कधीच फायद्याचे पडत नाही, मग ती म्हैस असो की कोळंबी. शिवाय या प्राण्यांना वेदना होतात की नाही, हा प्रश्न आता हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही. खेकडा-कोळंबी यांनाही संवेदना असल्याचा सबळ पुरावा आहे, असे २०२१ साली ब्रिटनमधील तज्ज्ञांनी कळवले, आणि २०२२च्या तेथील कायद्यात त्यांचा समावेश झाला. बाहेरचे गिऱ्हाईक उद्या ‘आईचे डोळे काढलेल्या बियाण्याची कोळंबी नको’ म्हणाले तर त्याची झळ थेट आपल्या तळ्यापर्यंत येईल.

म्हणूनच सिरोटोनिनच्या शोधाला प्रयोगशाळेबाहेर मोल आले. डोळा न कापता, निरोप्याच्या हातूनच ‘चल’ म्हणवून घेतले तर? २००० साली कोस्टा रिका येथे वाका आणि आल्फारो यांनी पांढऱ्या पाय-कोळंबीला, म्हणजे वनामीला, सिरोटोनिन टोचून अंडी घालायला लावले. अंडी मिळाली, पण डोळा काढण्याच्या पद्धतीइतकी हमखास नाहीत. त्यानंतर सिरोटोनिनला डोपामीन अडवणाऱ्या औषधाची जोड देऊन पाहिली गेली. २००६ साली थायलंडमधील संशोधकांनी वाघ कोळंबीत शरीराच्या दर ग्रॅम वजनाला ५० मायक्रोग्रॅम सिरोटोनिन देऊन माद्या पिकवल्या आणि त्यांनी जोमदार अंडी दिली. २००८ साली तेथेच मोठ्या गोड्या पाण्याच्या कोळंबीत सिरोटोनिन वाढवते व डोपामीन रोखते, हेही दिसले. २०११ साली आणखी एक वाट निघाली: देठातील ‘थांब’ ज्या जनुकाच्या हुकमाने तयार होतो, तो हुकूमच मध्ये खोडून टाकणारे आर.एन.ए. टोचायचे. तीही थायलंडमधलीच.

मग बीजकेंद्रे हे का वापरत नाहीत? कारण साधे आहे. टोचायचे म्हणजे एकेक मादी पाण्याबाहेर काढून पुन्हा पुन्हा हाताळायची. औषधाला पैसा लागतो. आणि चिमटा फुकट आहे. पण तिसरा एक मार्ग आहे, आणि आम्हाला तोच टिकेल असे वाटते. टाकीतच पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या वनामीच्या माद्या चांगले खाणे, योग्य उजेड व तापमान मिळाले तर डोळा न काढताही पिकतात. फक्त त्या थोड्या जास्त ठेवाव्या लागतात. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ आणि २०२१ साली दाखवले की अशा माद्यांपासून व्यापारी प्रमाणावर बी मिळते, आणि ती पिल्ले पांढऱ्या ठिपक्याच्या रोगाला व एका मारक जंतूला अधिक चांगले तोंड देतात. ज्यांनी १९९४-९५च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्याने आठवडाभरात तळी रिकामी झालेली पाहिली, त्यांना या वाक्याचे वजन सांगायला नको.

खाजनात किंवा खाडीकाठी तळे असणाऱ्यांनी यातून घ्यायचे ते असे. सिरोटोनिन किंवा कुठलेही ‘हार्मोन’ तळ्यात टाकण्याची वस्तू नव्हे. कोणी विक्रेता वाढीचे वा गाबोळीचे औषध म्हणून बाटली पुढे करील तर ती घेऊ नये. वर सांगितलेले सारे प्रयोग एकेका मादीला मोजून टोचण्याचे आहेत, आणि खाण्यासाठी वाढवायच्या कोळंबीला गाबोळीची गरजही नसते. बी घेताना किनारी जलशेती प्राधिकरणाकडे नोंदलेल्या केंद्राचेच घ्यावे, पांढऱ्या ठिपक्याची पी.सी.आर. तपासणी झाल्याचा कागद मागावा आणि माद्यांचे डोळे काढले होते का, हेही विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. दहा शेतकऱ्यांनी विचारले की केंद्रवाल्याला उत्तर तयार ठेवावे लागते.

आरोग्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण घेतलेल्या औषधांचा काही अंश सांडपाण्यातून ओढ्यात, खाडीत जातो. इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे २०१० साली असे आढळले की उदासीनतेवरील फ्लुओक्सेटिन हे औषध पाण्यात अगदी थोडे असले तरी कोळंबीचे भाऊबंद असे बारीक किनारी जीव अंधार सोडून उजेडाकडे जाऊ लागतात. उजेडात मासे आणि पाखरे त्यांना चटकन टिपतात. म्हणून कोणी आपली गोळी बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू वा बंद करायची. मात्र घरातल्या उरलेल्या, मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकण्याची सवय सोडावी.

बेळगाव भागातील वाचक विचारतील, आमच्याकडे समुद्रही नाही, खाजनही नाही. त्यांच्या गोड्या पाण्याच्या तळ्यातली मोठी कोळंबी या बाबतीत सुखी आहे. तिचा डोळा कोणी काढत नाही. नर-मादी तळ्यात एकत्र असले की ती आपोआप अंडी धरते आणि सुमारे तीन आठवडे पोटाखाली वागवते. अंडी प्रथम नारिंगी असतात आणि फुटायच्या आधी राखी होतात. त्या पिल्लांना मात्र पहिले काही आठवडे मचूळ पाणी लागते, म्हणून त्यांचे बी तळ्यात तयार होत नाही, बीजकेंद्रातूनच आणावे लागते. जाळ्यात राखी अंड्यांची मादी आली आणि जवळ असे केंद्र असेल, तर ती रश्श्यात टाकण्याआधी तेथे विचारून पाहावे.